झाडाची तहान सांगणारे खोड

झाडाचे खोड दररोज दुपारी बारीक होते आणि रात्री पुन्हा फुगते. डोळ्यांना हा बदल कधीच दिसत नाही, कारण तो बहुधा माणसाच्या केसाच्या जाडीच्या दोन-चार पट एवढाच असतो. मात्र एखादे संवेदनशील मापक खोडाला लावून दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतली, तर आलेखावर उमटणारी रेषा थक्क करणारी असते. पहाटे खोडाची जाडी सर्वाधिक असते, सूर्य वर चढू लागला की ती उतरू लागते, दुपारी उशिरा ती तळ गाठते आणि सायंकाळनंतर पुन्हा चढत जाते. या यंत्राला ‘डेंड्रोमीटर’ म्हणतात. त्याच्या रेषेतून झाडाला पाणी पुरते आहे का आणि त्यावरील फळे नीट पोसली जात आहेत का, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न गेली चार दशके जगभरातील फळबागांमध्ये चालू आहे.

या प्रयत्नामागची निकड महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना परिसरातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि टँकरने पाणी आणून झाडे जगविण्याची वेळ बागायतदारांवर आली. अशा वेळी हाताशी असलेले थोडे पाणी कोणत्या झाडाला, कोणत्या दिवशी आणि किती द्यायचे हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. त्याचे उत्तर आजही बहुतेक ठिकाणी पानांकडे पाहून दिले जाते. पान मलूल झाले, त्याची चमक गेली, कडा वळल्या की पाणी सोडायचे. परंतु पान बोलू लागते तेव्हा झाडाची वाढ बऱ्याचदा काही दिवस आधीच थांबलेली असते. फळाच्या बाबतीत हा उशीर महागात पडतो. फळाचा व्यास दहा टक्क्यांनी कमी भरला तर त्याचे आकारमान सुमारे २७ टक्क्यांनी घटते. व्यापारी तागडीत जे तोलतो ते आकारमान असते.

खोड का आकसते?

झाडाच्या आत पाणी वर चढते ते खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या जागी खालचे पाणी खेचले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहत असल्याने जलवाहिन्यांमधील संपूर्ण स्तंभ ताणलेल्या दोरीसारखा वर ओढला जातो. डब्लिन येथील हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४मध्ये मांडलेला हा सिद्धान्त सुरुवातीला अनेकांना अविश्वसनीय वाटला होता. आज तो वनस्पतिशास्त्राचा पाया मानला जातो.

सकाळी ऊन पडताच पाने पाणी खर्चू लागतात, पण मुळांकडून येणारे पाणी त्या वेगाला लगेच पुरे पडत नाही. मधल्या काळातील ही तूट झाड स्वतःच्या साठ्यातून भरून काढते. खोडाच्या लाकडाबाहेर, सालीच्या आतल्या बाजूस जिवंत आणि लवचिक पेशींचे थर असतात. जलवाहिन्यांतील ताण वाढला की या पेशींमधील पाणी आत ओढले जाते, पेशी आकसतात आणि त्यांच्यासह खोडही आकसते. रात्री रंध्रे मिटतात, ताण सैल होतो, मुळे पाणी घेतच राहतात आणि रिकामा झालेला साठा पुन्हा भरतो. जमिनीत ओल पुरेशी असेल तर पहाटेपर्यंत कालची भरपाई पूर्ण होते आणि वर नव्या पेशींच्या वाढीची किंचित भरही पडते. ओल कमी असेल तर दिवसाचा खड्डा अधिक खोल जातो आणि रात्र संपली तरी तो भरून निघत नाही.

फळही याच साठ्याचा एक भाग असते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. कॅलिफोर्नियातील ई. टी. बार्थोलोम्यू यांनी लिंबाच्या बागांमधील एका विकृतीचा शोध घेताना १९२६मध्ये दाखवून दिले, की हवा कोरडी असताना पाने फळांमधील पाणी काढून घेतात. म्हणजे ज्या पानांनी फळ पोसायचे तीच भर दुपारी फळाकडून उसने घेतात. रात्री हे उसने फेडले गेले तर फळ वाढते. ते अनेक दिवस फिटलेच नाही तर फळ आकाराने मागे पडते, आणि मग अचानक भरपूर पाणी मिळाले तर डाळिंबासारख्या फळाची साल तडकते. खोड आणि फळ यांचे चढउतार एकाच ओढाताणीतून निर्माण होतात, म्हणूनच खोडावरील मापकाला फळाविषयी काही सांगता येते.

मापक आणि त्याच्या फसवणुकी

खोडाचे सतत मापन करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कार्नेगी इन्स्टिट्यूशनचे डॅनियल मॅकडूगल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास ‘डेंड्रोग्राफ’ नावाचे यंत्र बनविले. खोडाभोवतीच्या चौकटीला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरील कागदावर रेघ ओढत असे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पाइन वृक्षांवर त्यांनी अशा नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या आणि दिवसाचे आकसणे कागदावर आणले. वनखात्यांमध्ये त्याहून साधे साधन रुळले. खोडाभोवती धातूची पट्टी गुंडाळायची, तिला स्प्रिंग लावायची आणि ठरावीक काळाने पट्टीवरील खुणा वाचायच्या. वर्षभराची वाढ मोजायला ते पुरेसे होते. एका दुपारची तहान मोजायला नव्हते.

आजच्या मापकात खोडाला हलकेच टेकलेली एक दांडी असते आणि तिच्या अत्यल्प हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा संवेदक असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. काही मायक्रॉनचा बदलही हे यंत्र टिपते. खरी अडचण संवेदकात नसून ज्या चौकटीवर तो बसवलेला असतो तिच्यात असते. उन्हाने धातू प्रसरण पावतो. वीस सेंटिमीटर लांबीची अॅल्युमिनियमची चौकट तापमान १५ अंशांनी वाढले की सुमारे ६९ मायक्रॉनने लांबते. खोडाचे आकसणेही कित्येकदा याच घरातले असते. याचा अर्थ, झाड काय सांगते आहे हे ऐकण्याऐवजी बागायतदार चौकटीचेच ऐकत बसण्याची शक्यता असते. म्हणून संशोधक ‘इन्वार’ या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा आधार घेतात. तेवढीच लांबी आणि तेवढीच उष्णता असताना इन्वारची चौकट चार मायक्रॉनही वाढत नाही. घड्याळे आणि मोजपट्ट्या अचूक राखण्यासाठी उपयोगी पडणारा हा मिश्रधातू शोधून काढल्याबद्दल शार्ल गियोम यांना १९२०चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. बागेत तो असा कामी येईल असे त्यांना क्वचितच वाटले असेल.

बसविण्यातही पथ्ये आहेत. खोडावरील वाळलेली, मृत साल हळुवार खरवडून काढावी लागते. अन्यथा पाऊस पडताच ती ओल शोषून फुगते आणि एका रात्रीत झाड वाढल्याचा भास होतो. जिवंत सालीला इजा झाली तर तेथे गाठ धरते आणि नोंद बिघडते. मापक शक्यतो उत्तरेच्या, सावलीच्या बाजूला लावून त्यावर ऊन परावर्तित करणारे आवरण घालतात. फवारणीचा ट्रॅक्टर, गुरे आणि मुंग्या यांपासूनही त्याला जपावे लागते.

आकड्यांचा अर्थ

मापकाची रेषा शेतकऱ्याच्या उपयोगाची करण्याचे मोठे काम १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये झाले. तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील ह्यूगे यांनी १९८५मध्ये खोडाच्या आणि फळाच्या दैनंदिन सूक्ष्म बदलांवरून झाडातील पाण्याची स्थिती कशी ओळखावी, हे सविस्तर मांडले. रोजच्या रेषेतून त्यांनी मुख्यतः दोन आकडे वेगळे काढले. पहाटेची कमाल जाडी आणि दुपारची किमान जाडी यांतील फरक हा पहिला. त्याला दिवसाचे आकुंचन म्हणता येईल. आजच्या पहाटेची जाडी आणि कालच्या पहाटेची जाडी यांतील फरक हा दुसरा. ती झाली दिवसाची वाढ. पाण्याची चणचण सुरू झाली की पहिला आकडा मोठा होतो आणि दुसरा लहान होतो.

यापूर्वी झाडाची तहान थेट मोजण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन होते ते अमेरिकेतील पेर शोलान्डर यांनी १९६५मध्ये प्रसिद्धीस आणलेले दाबपात्र. पान तोडून ते या पात्रात बंद करतात आणि देठाच्या कापलेल्या टोकातून रस बाहेर येईपर्यंत आतील वायूचा दाब वाढवितात. जितका दाब लागेल तितका झाडातील ताण अधिक. हे मापन आजही प्रमाण मानले जाते. परंतु त्यासाठी भर दुपारी कोणीतरी बागेत जावे लागते, हात सरावलेला असावा लागतो आणि दिवसातून एखाद-दुसरीच नोंद मिळते. खोडावरचा मापक मात्र रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही नोंद घेत राहतो. अमेरिकेतील डेव्हिड गोल्डहॅमर, स्पेनमधील एलियास फेरेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीचच्या झाडांवर अनेक पद्धतींची तुलना करून १९९९मध्ये दाखविले, की पाण्याचा तुटवडा खोडाच्या नोंदींत इतर मापनांपेक्षा अधिक संवेदनशीलतेने उमटतो.

मग आकुंचन अमुक मायक्रॉन झाले की पाणी द्या, असा एकच नियम का नाही? कारण हवा रोज बदलते. तापमान २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवेची पाणी शोषण्याची ओढ जेवढी असते, तिच्या नऊपटींहून अधिक ओढ ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला असते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी भरपूर पाणी दिलेले झाडही आकसणारच. ते आकसले म्हणून तहानलेले ठरत नाही. यावर उपाय म्हणून गोल्डहॅमर आणि फेरेरेस यांनी बागेतील काही झाडांना मुबलक पाणी द्यायचे आणि इतर झाडांचे आकुंचन त्यांच्याशी ताडून पाहायचे, अशी रीत सुचविली. समजा, मुबलक पाण्याचे झाड ०.२० मिलिमीटर आकसले आणि त्याच दिवशी बागेतील झाड ०.३० मिलिमीटर आकसले, तर गुणोत्तर दीड येते. हवा कशीही असो, ती दोन्ही झाडांना सारखीच असते, त्यामुळे उरलेला फरक जमिनीतील पाण्याचा. गुणोत्तर एकच्या आसपास असेल तर पाणी पुरेसे आहे. ते ठरविलेल्या मर्यादेच्या वर गेले की सिंचन वाढवायचे, खाली आले की कमी करायचे.

स्पेनच्या आग्नेयेकडील मुर्सिया प्रांतात या कामाला विशेष धार आली. वर्षाला साधारण तीनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात लिंबू, पीच आणि जर्दाळू यांच्या बागा आहेत आणि १९७९पासून ताहो नदीचे पाणी कालव्याने तेथे आणले जाते. कोणाच्या नदीचे पाणी कोणी वापरायचे, हा तेथला वाद मराठवाड्यातील वाचकाला अनोळखी वाटणार नाही. प्रत्येक बागेत काही झाडांना मुक्तहस्ते पाणी देत राहणे तेथे परवडणारे नव्हते. म्हणून तापमान आणि हवेची शुष्कता यांवरून तृप्त झाड त्या दिवशी किती आकसले असते, याची गणिते स्पॅनिश संशोधकांनी वेगवेगळ्या फळझाडांसाठी बसविली. तुलनेसाठी प्रत्यक्ष झाड राखून ठेवण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

खोड थांबते, फळ वाढत राहते

पाणी कमी पडले की झाड सर्व अवयवांवर सारखीच कपात करीत नाही. आधी फांद्यांची आणि खोडाची वाढ मंदावते. फळ मात्र आपला वाटा बराच काळ राखून असते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात टॅटुरा येथील संशोधन केंद्रात चाल्मर्स, मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. पीचच्या फळाची वाढ तीन टप्प्यांत होते. आरंभी ते झपाट्याने वाढते, मधल्या टप्प्यात आतील कोय टणक होत असताना त्याचा आकार जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत ते पुन्हा वेगाने फुगते. मधल्या टप्प्यात पाणी मुद्दाम कमी केले, तर फांद्यांची अवास्तव वाढ आटोक्यात येते आणि फळाचा अंतिम आकार घटत नाही, असे त्यांनी १९८१पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. पाण्याची बचत झाली आणि छाटणीचा खर्चही वाचला.

अशी नियंत्रित उपासमार धोक्याचीही असते. तिसरा टप्पा सुरू झाला आणि झाड अजून तहानलेलेच असेल, तर हातचे फळ जाते. खोडाच्या मापकाचे महत्त्व येथे कळते. खोडाची वाढ थांबली पण रोज पहाटेची जाडी स्थिर आहे, तोवर फळ बहुधा सुरक्षित असते. पहाटेची जाडी दिवसेंदिवस पायरीपायरीने उतरू लागली, म्हणजे रात्रीचे पुनर्भरण अपुरे पडते आहे आणि फळाच्या वाट्यालाही आता हात लागणार आहे. खोड आधी कळवते, फळ नंतर सोसते. या मधल्या काही दिवसांत पाणी सोडण्याची संधी असते.

फळाचेही थेट मापन करता येते. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७मध्ये झाडावरील फळाला लावता येईल असे कमी खर्चाचे मापक तयार केले. नाशिकचा द्राक्ष बागायतदार मण्याचा व्यास हाताने मोजत असतोच. निर्यातीच्या मालासाठी ते त्याच्या अंगवळणी पडले आहे. परंतु फळ वाढते, लोंबकळते, गळते आणि अखेर तोडले जाते. खोड वर्षानुवर्षे जागेवर असते, म्हणून कायमचा मापक तेथेच बसतो.

तरीही खोडाचा शब्द प्रमाण मानून चालत नाही. फळांनी लगडलेल्या झाडात पानांनी तयार केलेले अन्न बहुतांशी फळांकडे वळते. अशा झाडाला कितीही पाणी दिले तरी खोडाची वाढ नाममात्र होते. तेथे वाढ थांबली म्हणून पाणी वाढविले, तर पाणी वाया जाते आणि मुळे कुजण्याचा धोका ओढवतो. फळे न धरलेल्या तरुण बागेत दिवसाची वाढ हा उत्तम निकष ठरतो, तर फळावर आलेल्या जुन्या बागेत दिवसाच्या आकुंचनाकडे पाहणे श्रेयस्कर असते. त्यातही फळांचा भार अधिक असेल तर पाने पाणी अधिक खर्चतात आणि आकुंचन वाढते. तोडणी झाली की ते आपोआप कमी होते. ऑलिव्हच्या झाडात तर दिवसाच्या आकुंचनावर फारसे विसंबता येत नाही. द्राक्षवेलीची कथा आणखी निराळी आहे. मण्यात पाणी उतरण्याच्या अवस्थेपर्यंत वेलीच्या खोडाच्या नोंदी उपयोगी पडतात, त्यानंतर त्यांचा तहानेशी असलेला संबंध क्षीण होतो, असे स्पेनमधील इन्त्रिग्लियोलो आणि कास्तेल यांच्या २००७च्या अभ्यासात आढळले. मणी मऊ झाल्यावर त्याचेही दुपारचे आकसणे कमी होते.

सर्वांत घातक फसवणूक याहून वेगळी आहे. पाण्याचा ताण वाढत जातो तसे दिवसाचे आकुंचन वाढत जाते. पण एका मर्यादेपलीकडे ते उलट कमी होऊ लागते. झाडाने रंध्रे मिटून घेतलेली असतात, पाण्याचा खर्च थांबलेला असतो आणि रात्री साठा भरलाच नसल्याने दिवसा आकसण्यासाठी काही उरलेले नसते. केवळ तो एक आकडा पाहणाऱ्याला वाटते, झाड सावरले. प्रत्यक्षात ते मरणाच्या वाटेवर असते. पहाटेची जाडी आठवडाभर घसरत असेल आणि आकुंचनही लहान होत असेल, तर तो सुधारणेचा संकेत समजू नये. याच्या उलट, बागेत पाणी तुंबले असताना खोड आकसत असेल, तर तहानेचे कारण पाण्याचा अभाव नसून मुळांना न मिळणारी हवा हे असते. बुडालेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत. अशा बागेत आणखी पाणी सोडणे म्हणजे आजारात भर घालणे होय.

बागांबाहेर, जंगलांतही हे मापक आता मोठ्या संख्येने लागले आहेत. स्वित्झर्लंडमधील वृक्षांच्या जाळ्यावरील नोंदी तपासून रोमान झ्वाइफेल आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये सात जातींच्या १७० वृक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृक्षांच्या खोडाची वाढ मुख्यतः रात्री होते आणि तिला जमिनीइतकाच, किंबहुना अधिक, हवेच्या कोरडेपणाचा अडसर असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. नव्या पेशी ताणल्या जाण्यासाठी त्यांच्यात पाण्याचा दाब हवा आणि तो दिवसा टिकत नाही. रात्रीही हवा कोरडी राहिली तर जमिनीत ओल असूनही झाड वाढत नाही. उष्णतेच्या लाटांमधील रात्रींचे तापमान हा म्हणूनच बागायतदारांनीही लक्ष ठेवण्याचा विषय आहे.

‘ताण’ मोजता येईल?

महाराष्ट्राच्या बाबतीत या तंत्राला एक वेगळाच संदर्भ आहे. जगातील बहुतेक बागायतदार झाडाला ताण पडू नये म्हणून धडपडतात. येथे तो मुद्दाम दिला जातो. संत्रा, मोसंबी, डाळिंब ही झाडे आपल्या हवामानात वर्षभर थोडीथोडी फुलत राहतात. सर्व झाडांवर एकाच वेळी भरघोस फुले यावीत यासाठी पाणी तोडून झाडाला विश्रांतीत ढकलायचे आणि मग पाणी देऊन बहार धरायचा, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार, पावसाच्या आरंभीचा मृग बहार आणि पावसाच्या अखेरीचा हस्त बहार असे तीन बहार त्यातून साधतात. कोणता धरायचा हे पाण्याच्या उपलब्धतेवर आणि बाजारावर ठरते.

ताण किती दिवस द्यायचा, याचे उत्तर जमिनीनुसार बदलते. हलक्या, मुरमाड जमिनीत थोड्या दिवसांत झाड ताणावर येते, तर काळ्या भारी जमिनीत अनेक आठवडे लागतात आणि कधीकधी तरीही ताण बसत नाही. ताण कमी पडला तर फुले तुरळक येतात आणि पालवीच फुटते. तो अधिक झाला तर पानगळ होते, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि पुढील दोन-तीन वर्षे झाड खंगते. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो आणि सगळे गणित चुकते. हा सारा निर्णय पानांचा रंग आणि वळण पाहून घेतला जातो. अनुभवी बागायतदाराची नजर यात कमालीची तयार असते, यात शंका नाही. पण ती नजर वारसाने मिळतेच असे नाही.

खोडाच्या रेषेत ताणाच्या पायऱ्या वेगळ्या वाचता येतात. प्रथम दिवसाचे आकुंचन वाढते आणि वाढ थांबते, पुढे पहाटेची जाडी उतरू लागते आणि अखेर आकुंचनच मंदावते. तिसरी पायरी लागण्याआधी ताण तोडला पाहिजे, एवढे तर या शास्त्रावरून म्हणता येते. दुसऱ्या पायरीवर किती दिवस थांबले असता बहार उत्तम फुटतो, हे मात्र जातीनुसार, खुंटानुसार आणि जमिनीनुसार येथेच ठरवावे लागेल. स्पेनचे आकडे नागपूरच्या संत्र्याला लावून चालणार नाहीत. त्यासाठी लागणारी व्यवस्था राज्यात आहे. लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूरला, डाळिंबासाठी सोलापूरला आणि द्राक्षांसाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय पातळीवरील संशोधन संस्था कार्यरत आहेत.

ताण तोडल्यानंतरही मापक बोलत राहतो. पहिले पाणी दिल्यावर एक-दोन रात्रींत खोड फुगले पाहिजे. शेजारची झाडे फुगली आणि एखादे तसेच राहिले, तर त्या झाडाचे ड्रीपर तुंबलेले असण्याची किंवा मुळांना रोग झालेला असण्याची शक्यता तपासावी लागते. पाने पिवळी पडून हे लक्षात येईपर्यंत बहाराचे दिवस निघून जातात.

इस्रायलमधील फायटेकसारख्या कंपन्या खोडावरचे संवेदक आणि त्यांचा अर्थ लावून देणारी सेवा एकत्र विकतात. बागायतदाराला मोबाइलवर आकड्यांऐवजी झाडाच्या स्थितीचा रंग दिसतो. मोठ्या, एकसारख्या बागांना ते सोयीचे आहे. दोन-तीन एकरांच्या बागेत, जिथे अर्धी जमीन मुरमाड आणि अर्धी भारी असते, तिथे एका झाडावरचा एक मापक साऱ्या बागेचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. एकाच बागेतील दोन निरोगी झाडेसुद्धा सारखी आकसत नाहीत, म्हणून संशोधक नेहमी अनेक झाडांची सरासरी घेतात. मापकांची संख्या वाढली की खर्च वाढतो आणि रंग दाखविणारी सेवा महिन्यागणिक पैसे मागते. गावातील चार-सहा बागायतदारांनी सारख्या जमिनीतील झाडे निवडून मापक वाटून घेणे हा यावर एक व्यवहार्य मार्ग दिसतो.

ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी वनखात्याची जुनी स्प्रिंगची पट्टी आहे. तिच्यावरून दुपारची तहान समजणार नाही. आठवड्यागणिक खोड वाढते आहे, थांबले आहे की उतरते आहे एवढे मात्र समजेल आणि ताणाच्या काळात तेही कमी नाही. बागेच्या हलक्या आणि भारी अशा दोन्ही भागांत पाच-सहा झाडे निवडून पट्ट्या बांधायच्या, खुणेची रेघ मारून ठेवायची आणि आकडा वहीत लिहायचा. वाचनाची वेळ दर खेपेस सूर्योदयापूर्वीचीच हवी. एका आठवड्यात पहाटे आणि पुढच्या आठवड्यात दुपारी मोजले, तर वहीत उतरेल तो फरक झाडाच्या वाढीचा नसेल, घड्याळाचा असेल.